इफ्तारचा पेला आणि दुधीची फोड

असरची नमाज आटोपली की जालन्यातल्या जुन्या मोहल्ल्यांची चाल बदलते. दुपारभर अर्धवट मिटलेली दुकाने उघडतात, हातगाड्यांवरच्या कलिंगडांवर पाणी शिंपडले जाते, मोसंबीच्या ढिगाला हात लावून 'रस है क्या?' असे विचारणाऱ्यांची गर्दी होते. आणि स्वयंपाकघरांतून मिक्सरचा आवाज सुरू होतो. एका घरचा थांबला की भिंतीपलीकडचा सुरू. सूर्य मावळायला तासभर असतो. घशाला कोरड पडलेली असते आणि हात मात्र दिवसातले सगळ्यांत ओले काम करत असतात.

अशाच एका घरात, रमजानच्या पहिल्या आठवड्यात, सून ओट्यापाशी हातात दुधी घेऊन थबकली. दुधी कोवळी, हिरवीगार, नखाने टोचली तर पाझरणारी. रस सासूबाईंसाठी काढायचा होता. अम्मींना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि दुधीचा रस 'शुगर उतारतो' असे कुणीतरी लग्नात सांगितले होते. सुनेने मात्र कधीतरी वर्तमानपत्रात वाचले होते की दुधीचा रस काढण्याआधी एक फोड चाखून पाहावी, कडू लागली तर दुधी फेकून द्यावी. घरात चाखणार कोण? तिचा रोजा, अम्मींचा रोजा, बाजारात गेलेल्या नवऱ्याचा रोजा. धाकटा मुलगा सहा वर्षांचा, पण त्याला असली कामे सांगायची नाहीत एवढे तिला कळत होते.

खरे तर वाट होती. रोजा असताना गरज असेल तर जिभेच्या टोकावर चव घेऊन लगेच थुंकून टाकावी, घशाखाली काही जाऊ देऊ नये, अशी मुभा हनफी फिकहच्या ग्रंथांत आहे. त्यात उदाहरणही मोठे संसारी दिले आहे: नवरा तापट असेल आणि मीठ कमी-जास्त झाल्यावर घर डोक्यावर घेत असेल, तर बायकोने चव पाहायला हरकत नाही. जुन्या फकिहांना घरे ठाऊक होती. पण सुनेचे मन धजावेना. तिने दुधीची चकती कापून वाटीत घातली आणि मागच्या दारातून शेजारी गेली.

शेजारच्या काकू निवृत्त शिक्षिका. त्यांनी चकतीचा कोपरा दाताने कुरतडला, क्षणभर थांबल्या आणि मोरीत थुंकून खळखळून चूळ भरली. "कडू आहे गं. काकडीच्या देठासारखी. टाकून दे."

अम्मींना ते पटेना. रमजानात अन्न फेकायचे म्हणजे इसराफ, उधळपट्टी. शिवाय, "कडवा है तो क्या हुआ? दवा कडवीच रहती." दुधी तर हुजूरांच्या आवडीची. हदीसच्या ग्रंथांत तो प्रसंग आहेच: एका शिंप्याने जेवायला बोलावले होते, जवाची भाकरी आणि दुधी घातलेला रस्सा वाढला होता आणि पैगंबर थाळीत दुधीच्या फोडी शोधून शोधून खात होते. हजरत अनस सांगतात की त्या दिवसापासून त्यांनाही दुधी आवडू लागली. सून हळूच म्हणाली, "अम्मी, ती शिजलेली होती. आणि कडू नव्हती."

वाद तेवढ्यावर थांबला. दुधी कचऱ्यात गेली. ती तशी गेली हे बरे झाले, आणि का बरे झाले हे दोन्ही बाजूंच्या घरांना ठाऊक असायला हवे, कारण सकाळी अनशेपोटी दुधीचा रस पिणारे एका धर्माचे नाहीत. सकाळच्या फिरण्याच्या मैदानाबाहेर रसाचे पेले घेऊन बसणाऱ्याकडे सगळेच थांबतात.

दुधी, काकडी, दोडका, भोपळा ही एकाच कुळातली भावंडे. कीड-जनावरांपासून बचाव म्हणून या कुळातल्या वनस्पती कुकुरबिटासिन नावाची अतिशय कडू द्रव्ये तयार करतात. शेतात पिढ्यान्‌पिढ्या निवड होत आल्यामुळे आपल्या भाज्यांत ती नगण्य उरली आहेत. पण एखाद्या वेलीला, एखाद्या फळाला तो जुना कडवटपणा परत येतो. बाहेरून पाहून ओळखता येत नाही. तीच दुधी भाजीत पडली तर पहिल्याच घासाला ताट बाजूला सारले जाते. रसाचे तसे नाही. नाक दाबून, 'औषध' म्हणून, एका दमात पेलाभर पोटात जातो, म्हणजे जवळपास अख्खी दुधी. मग उलट्या, जुलाब, पोटात भयंकर कळा, कधी रक्ताच्या उलट्या, रक्तदाब कोसळणे. यावर उतारा असे औषध नाही. डॉक्टर सलाइन लावून शरीराला सावरतात, एवढेच.

2010 मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असाच कडू रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला आणि प्रकरण देशभर गाजले. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने जे सांगितले ते कुठल्याही स्वयंपाकघरात पाळता येईल असे आहे. रस काढण्याआधी छोटी फोड चाखा. कडू असेल तर अजिबात पिऊ नका. दुधीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नका. आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब, अस्वस्थता असे काही वाटले तर घरी वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठा. यातली 'मिसळू नका' ही सूचना सहज नजरेआड होते. कारल्याच्या किंवा आवळ्याच्या रसात दुधी घातली की कडवटपणा कुणाचा हे जिभेला कळत नाही. कारले कडूच असते, तो त्याचा स्वभाव. दुधी कडू लागली तर मात्र ती धोक्याची खूण. शिजवूनही हा कडवटपणा जात नाही, त्यामुळे 'रस नको तर कोफ्ते करू' हा काटकसरीचा मार्गही बंद.

आपल्याकडे काकडी कापताना देठाकडचा तुकडा काढून तो काकडीवर घासायची पद्धत आहे. घासल्याने विष उतरते का, हा वेगळा प्रश्न. पण ती घासणारी बाई पुढे एक चकती तोंडात टाकून पाहते. जुन्या सवयीतला कामाचा भाग तो आहे.

उतारा कशावर?

मूळ प्रश्न दुधीचा नव्हताच. अम्मींच्या साखरेचा होता. मधुमेह असताना रोजा धरावा की नाही, हे डॉक्टरांनी रमजानच्या आधीच, तब्येत पाहून, गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा बदलून ठरवायचे असते. आजारी माणसाला कुराणाने सूट दिली आहे, हे सगळ्यांना माहीत असते. ती सूट स्वतः घ्यायची वेळ आली की मात्र मन मागे सरते. अम्मींनी डॉक्टरांना विचारले होते. त्यांनी काही अटींवर होकार दिला. पण त्या अटींत फळांच्या रसाबद्दल काय सांगितले होते, ते घरी येईपर्यंत कुणाच्या लक्षात राहिले नाही. फळाचा रस म्हणजे चांगलीच गोष्ट, त्यात विचारायचे काय?

गेल्या रमजानातली एक संध्याकाळ या घराला आठवते. इफ्तारला अजून तास होता. अम्मींना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे तुटक झाले. बोटाला सुई टोचून पाहिले तर साखर 61. (रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. तरीही अनेक घरांत ते यंत्र महिनाभर कपाटात बंद असते.) आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या रमजानविषयक मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत: साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा. मगरिबची वाट पाहायची नाही. त्या दिवशी सुनेने मोसंबी पिळून अर्धा पेला अम्मींच्या ओठाला लावला. 'अजान नाही झाली' असे पुटपुटत त्या प्यायल्या. पंधरा मिनिटांत घाम थांबला.

म्हणजे ज्या रसाने त्या दिवशी वाचवले, तोच रस रोज संध्याकाळी मोठ्या पेल्याने त्रास देत होता. यात विरोधाभास काही नाही. साखर खाली आली तेव्हा जलद पोचणारी साखर हवी होती, आणि फळाचा रस तेच काम करतो. अर्धा कप, साधारण 120 मिली रसात 12 ते 15 ग्रॅम साखर असते, आणि साखर उतरल्यावर डॉक्टर एवढीच द्यायला सांगतात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. पण इफ्तारच्या दस्तरखानावर तीन खजूर, वर मोठा पेला रस, मग भजी, मग फ्रूट चाट असे एकावर एक आले की साखर उलट्या दिशेने धावते.

अख्खी मोसंबी सोलून खाल्ली तर फोडींतला तंतुमय भाग चावावा लागतो, वेळ लागतो, एक-दोन मोसंब्यांत पोट 'पुरे' म्हणते. पेलाभर रसाला तीन-चार मोसंब्या लागतात आणि तो दोन मिनिटांत संपतो. त्यात वरून दाणाभर साखर न घालताही चार छोटे चमचे साखर असते. द्राक्षांच्या रसात याहून बरीच जास्त, कलिंगडात कमी. उसाच्या रसाबद्दल हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत बजावले आहे की 100 मिलीत 13 ते 15 ग्रॅम साखर असते, म्हणून तो बेताने प्यावा. त्याच मार्गदर्शिकेत रसापेक्षा अख्खे फळ बरे, असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेविषयीच्या सूचना दिल्या, त्यात मध आणि फळांचे रस यांतली साखर डब्यातल्या साखरेच्याच रांगेत बसवली आहे. 'नैसर्गिक' या शब्दाने आपण स्वतःची फार समजूत घालतो.

मग रस घरी कशाला काढायचा? कारण पर्याय काय आहे ते पाहा. खोक्यातला रस बहुधा आटवलेल्या अर्कात पाणी घालून केलेला असतो. 2024 च्या जूनमध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने कंपन्यांना अशा रसाच्या वेष्टनावरून '100 टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकायला सांगितले, आणि वरून घातलेली साखर किलोला 15 ग्रॅमहून जास्त असेल तर 'गोड केलेला रस' असे लिहावे लागते, याची आठवण करून दिली. गाडीवरच्या रसात फळ खरे असते, प्रश्न बर्फाचा असतो. मासे आणि भाजी थंड ठेवायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा नसतो. 2018 मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणे सक्तीचे केले, ते याचसाठी. दिवसभर रिकामे असलेले पोट आणि कुठल्या पाण्याचा कोण जाणे असा बर्फ, ही जोडी चांगली नाही. घरी निदान फळ आपण धुतलेले असते, पाणी आपले असते, आणि पेला किती मोठा घ्यायचा हे आपल्या हातात असते.

पिळण्याची वेळ

जालना मोसंबीचे गाव. इथल्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, नागपूरच्या संत्र्याला त्याआधी 2014 मध्ये. तरीही मोसंबीचा रस कडू झाल्याची तक्रार याच गावात घरोघरी ऐकू येते. दोष फळाचा नसतो, घाईचा असतो. इफ्तारच्या वेळी गडबड नको म्हणून असरनंतर लगेच रस काढून ठेवतात आणि अजानपर्यंत तो बदलतो. संत्रे-मोसंबीच्या बियांत आणि फोडींवरच्या पांढऱ्या पापुद्र्यात एक द्रव्य असते. ते मुळात कडू नसते. फळ पिळल्यावर रसाच्या आंबटपणात त्याचे हळूहळू लिमोनिन बनते आणि मग जिभेला कडवटपणा जाणवू लागतो. नागपुरी संत्र्याचा रस बाटलीत भरणाऱ्या उद्योगाची ही जुनी डोकेदुखी आहे. घरात तिच्यावर सोपा इलाज आहे. मोसंबी आडवी कापून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पिळणीवर हलक्या हाताने पिळायची, शेवटचा थेंब काढण्यासाठी साल दाबून-पिरगळून काढायची नाही. मिक्सरमध्ये फोडी घालायच्याच असतील तर बिया एकूण एक काढायच्या, आणि एक-दोन झटकेच द्यायचे. आणि पिळायचे अजानच्या दहा मिनिटे आधी.

दहा मिनिटांत थंड कसा करायचा? रस थंड करायचा नसतो, फळ थंड ठेवायचे असते. दुपारी धुऊन मोसंब्या फ्रिजमध्ये टाकल्या, फ्रिज नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवल्या, की बर्फाची गरजच पडत नाही. रसाला पाणी सुटत नाही आणि चवही पातळ होत नाही.

फळ धुवायचे ते वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून, साबण न लावता. ज्यांची साल फेकायची तीही. कलिंगड शेतात मातीवर लोळलेले असते. न धुता सुरी घातली की सालीवरचे सगळे सुरीबरोबर लाल गरात उतरते. कलिंगडाला जूसर लागत नाही. त्यात 90 टक्क्यांहून अधिक पाणीच असते. बिया काढून गर मिक्सरमध्ये दोन झटके फिरवला, किंवा नुसता रवीने घुसळला तरी पुरे. आंबट लिंबू आणि पुदिन्याची चार पाने. साखर घालणाऱ्याने आधी चमचाभर चाखून पाहावे, पण इथेही रोज्याची अडचण आहेच, म्हणून साखर न घालणे उत्तम. ज्याला हवी तो वरून घेईल.

डाळिंब सोलण्यात वेळ जातो आणि दाणे मिक्सरमध्ये जास्त फिरवले की आतली बी फुटून रस तुरट, गढूळ होतो. मिक्सरचा वेग कमी ठेवून झटके द्यायचे आणि गाळणीवर पळीच्या पाठीने दाबायचे. सोलापूरच्या डाळिंबाचा असा पेला खरेच सुंदर दिसतो, पण त्याला लागणारी डाळिंबे मोजली तर तो घरातल्या एकाच माणसाला परवडतो. बाकीच्यांनी दाणे खावेत. तेच बरे.

गाजर-बिटाला मात्र यंत्राची मदत लागते. जोरात फिरून रस बाहेर फेकणारा साधा जूसर झटपट काम करतो, फेस फार येतो. हळू दाबत पिळणारे 'कोल्ड प्रेस' यंत्र महाग, पण चोथा कोरडा निघतो, रस जास्त मिळतो आणि जरा जास्त वेळ टिकतो. त्यातली साखर मात्र तेवढीच राहते, हे जाहिरातीत सांगत नाहीत. दोन्ही नसतील तर मिक्सर आणि मलमलचे फडके. पूर्वी हेच होते. गाजराच्या रसातला पिवळा-केशरी जीवनसत्त्वाचा अंश अंगी लागायला थोडी स्निग्धता लागते, इफ्तारच्या ताटात ती कमी पडण्याची भीती नाही. बिटाचा रस घेतल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी झाली तर घाबरून रुग्णालयात धावू नये. काहींना तसे होते.

आंबट रस तांब्या-पितळेच्या, कल्हई उडालेल्या भांड्यात ठेवू नये. स्टील किंवा काच बरी. पपई आणि दूध एकत्र फिरवून ठेवले की थोड्या वेळाने कडू होते, अननसाचेही तसेच. या फळांतली पाचक द्रव्ये दुधातली प्रथिने तोडू लागतात. दिल्लीच्या जामा मशिदीजवळ मिळणारे दूध, गुलाबाचे सरबत आणि कलिंगडाचे तुकडे घातलेले 'मोहब्बत का शरबत' हल्ली मोबाइलवर पाहून इकडेही केले जाते. कलिंगड त्यात चालते. नावासाठी पपई घालू नये, मोहब्बत कडू होईल.

शिल्लक चोथ्याचे काय? गाजर-बिटाचा चोथा कांदा, कोथिंबीर, बेसन घालून टिक्की किंवा थालीपिठात जातो. कलिंगडाच्या सालीखालच्या पांढऱ्या गराची भाजी होते. अम्मींना इसराफची जी काळजी होती, ती इथे मार्गी लागते. शिवाय जे तंतू रसातून काढून टाकले तेच या वाटेने पोटात जातात.

घरच्या मुलांचा वाटा वेगळा मोजावा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये सांगितले की वर्षाच्या आतल्या बाळाला फळांचा रस देऊच नये, चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर चहाचा एक कप. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी कुठलाही रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण रसातले पोटॅशियम त्यांच्या शरीरात साठते. कमरक, म्हणजे कापल्यावर चांदणीसारखे दिसणारे आंबट फळ, त्यांच्यासाठी सरळ विषारी ठरू शकते. रोज पेलाभर कच्च्या पालकाचा रस पिण्याची नवी आवडही मूतखड्याचा त्रास असलेल्यांच्या कामाची नाही.

रमजान चांद्र महिन्यांनी चालतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. त्यामुळे इफ्तारचा पेला हे त्या त्या काळचे बाजारपत्रक असते. 2016 ते 2018 च्या सुमारास रोजे मे-जूनच्या उन्हात होते, तेव्हा पन्हे आणि आंब्याचा रस होता. मग तो मार्चात आला आणि मृग बहराची संत्री-मोसंबी, द्राक्षे, पहिली कलिंगडे हाती लागली. 2030 मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू होईल, जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरच्या अखेरीला. तेव्हा पेल्यात आवळा, गाजर आणि आंबिया बहराचे संत्रे असेल. पिण्याच्या या पदार्थांची नावेही अशीच फिरत आली आहेत. अरबीत 'पिणे' या अर्थाच्या धातूपासून शरबत, त्याचे मराठी सरबत. 'अर्क' अरबीत घाम, मराठीत काढलेले सार. 'रस' संस्कृतातून उर्दूत गेला आणि तिथे आता कुणाला तो परका वाटत नाही. फळवाला मात्र सगळ्यांना 'जूस' म्हणतो आणि सगळ्यांना कळते.

त्या घरात आता दोन गोष्टी बदलल्या आहेत. दुधी आली तर तिची भाजी होते, आणि भाजीची चकतीही आधी वाटीतून मागच्या दाराने जाते. काकूंनी एकदा विचारले, "आमची एकादशी असली की काय करशील?" सून म्हणाली, "त्या दिवशी भेंडी करीन."

आणि संध्याकाळी अम्मींच्या पुढ्यात पेल्याऐवजी बशी येते. एक खजूर, पाणी आणि सोललेल्या मोसंबीच्या फोडी. पहिले दोन दिवस त्यांनी बशीकडे रुसून पाहिले. आता त्या फोडीचा पापुद्रा नखाने अलगद सोलतात, बी बोटाने काढून बशीच्या कडेला ठेवतात, आणि या सगळ्याला इतका वेळ लागतो की भजी त्यांच्यापर्यंत येईतो थंड होतात. फ्रिजच्या दारात झाकण लावलेल्या छोट्या बाटलीत अर्धा पेला रस असतो. तो रोज ताजा काढलेला असतो, साखर मोजायच्या यंत्राशेजारी ठेवलेला, आणि अजान झाली की सहा वर्षांचा धाकटा तो पिऊन टाकतो.